नागपूर, 29 नोव्हेंबर 1970

नमस्कार मंडळी. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चलाही 'मंडळी'च म्हणतो, त्यामुळे आजच्या विषयाला हा शब्द दोन्हीकडून लागू पडतो.

29 नोव्हेंबर 1970, रविवार. नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट आणि उत्तर भारताचं संयुक्त चर्च. अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या या शेवटच्या चर्चमध्ये होत्या. बोलणी 1929 पासून चालली होती, म्हणजे 41 वर्षं. ज्यांनी ती सुरू केली त्यांच्यातले बरेच तोवर देवाघरी गेले होते.

एवढा वेळ का लागला? माझ्यासारख्या फौजी माणसाला हे आधी कळत नसे. छावणीतल्या चर्चमध्ये रविवारी मिझो, नागा, मल्याळी, छोटा नागपूरचे जवान एकाच बाकावर बसत. कोण प्रेस्बिटेरियन, कोण लुथेरन, याची चौकशी कुणी करत नसे. पण छावणीत माणूस दोन-तीन वर्षांचा पाहुणा असतो. गावात तसं नसतं. लेकराचा बाप्तिस्मा, पोरीचं लग्न, बापाची माती, सगळं एकाच पाळकाच्या हातून होतं. त्याची दीक्षा खरी की नाही, अशी शंका एकदा शिरली की घरातल्या घरात दोन तट पडतात.

अडचणी मुख्यतः दोन होत्या. पहिली बाप्तिस्म्याची. तान्ह्या बाळाला द्यायचा, की मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करणाऱ्याला? नव्या चर्चने दोन्ही रीती मान्य केल्या.

दुसरी जास्त जड होती: बिशपच्या हातून दीक्षा न घेतलेल्या पाळकांचं काय करायचं? दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 ला, स्वातंत्र्यानंतर दीडच महिन्यात, मद्रासला 'चर्च ऑफ साउथ इंडिया' झालं. तिथे जुन्या पाळकांना आहे तसंच घेतलं आणि मंडळ्यांना वचन दिलं, की मनाला न पटणारा पाळक कुणावर लादणार नाही. तरीही नंद्यालचे अँग्लिकन बाहेर राहिले; तो भाग 1975 साली आत आला. 1948 च्या लॅम्बेथ परिषदेत तर जगभरच्या अँग्लिकन बिशपांचंच या नव्या चर्चच्या दीक्षांवर एकमत झालं नाही. या ऐक्यासाठी झटलेले दोर्नकलचे बिशप अझरय्या, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, 1945 सालीच वारले होते. तो दिवस त्यांना दिसला नाही.

उत्तरेने वेगळी वाट काढली. सगळ्या परंपरांच्या पाळकांनी एकमेकांवर हात ठेवले आणि ज्याच्यात जे उणं असेल ते देवाने द्यावं, अशी प्रार्थना केली. कुणात काय उणं आहे, हे मात्र मुद्दाम ठरवलं नाही. टीकाकार म्हणाले, ही पळवाट आहे. हुकूम संदिग्ध नसावा अशा शिस्तीत माझं आयुष्य गेलं, तेव्हा मलाही ते आधी खटकलं. आता वाटतं, 41 वर्षं वाद घालून झाल्यावर जे आपल्याला कळत नाही ते प्रार्थनेत तसंच देवापुढे ठेवायला हिंमत लागते. आपला पाळक आजवर खोटा होता, असं कुणालाही म्हणावं लागलं नाही.

सगळे आले असंही नाही. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्च बोलण्यांत होतं, पण ऐन वेळी मागे सरलं. जे आले त्यांच्यातही कागदांचा घोळ राहिला. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळ्यांच्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 साली निकाल लागला, की नुसत्या ठरावाने विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. ऐक्याला तोवर 43 वर्षं झाली होती.