अफगाण चर्च : वास्तू आणि विस्मरण

मध्ययुगीन इंग्लंडमधील पॅरिश चर्च ही मुख्यतः एका गावाची वास्तू असे. पूर्वेकडे वेदीगृह, त्याला लागून पश्चिमेकडे उपासकांचे लांबट दालन, पुष्कळदा त्याच्या बाजूंना स्तंभांच्या रांगांपलीकडे पाख्या आणि घंटा असलेला मनोरा, अशी तिची सर्वसाधारण रचना होती. गाभारा आणि सभामंडप यांची आठवण मराठी वाचकाला व्हावी, असेच हे विभाजन आहे. वेदीगृहाची निगा धर्मगुरूने राखावी आणि दालनाची गावकऱ्यांनी, अशी तेथील वहिवाट होती. ऐपतीप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या भर पडत गेल्याने एकाच चर्चमध्ये अनेक शतकांच्या शैली शेजारी नांदताना दिसतात. भोवतालच्या दफनभूमीत त्याच गावचे पूर्वज विसावलेले असत.

मुंबईत कुलाब्याला असलेले सेंट जॉन चर्च, म्हणजेच लोकांच्या तोंडचे ‘अफगाण चर्च’, या आकृतीचे निष्ठावंत अनुकरण आहे. परंतु त्याची जन्मकथा अगदी निराळी आहे. पहिल्या अफगाण युद्धात (१८३८–४२) आणि सिंधच्या मोहिमेत मरण पावलेल्यांचे स्मारक म्हणून १८४३ मध्ये त्याची कल्पना पुढे आली. १८४७ मध्ये पायाभरणी झाली. खर्चिक ठरलेला आधीचा आराखडा बाजूला सारून हेन्री कॉनिबेअर यांचा आराखडा स्वीकारला गेला. विहार तलावाच्या पाणीयोजनेचे अभियंते ते हेच. १८३९ मध्ये केंब्रिजला स्थापन झालेल्या कॅम्डेन सोसायटीने मध्ययुगीन शैलीचा जो आग्रह धरला होता, त्याच प्रवाहातील ही वास्तू आहे. टोकदार कमानी तेराव्या शतकातील इंग्लंडच्या. बेसाल्ट मात्र इकडचा. फरशा इंग्लंडहून आल्या, रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. मनोरा समुद्रातील जहाजांना दिसावा, ही सरकारची अट होती. १९८ फूट उंचीचा तो मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला.

गावाने शतकानुशतके घडविलेली आकृती येथे एका पराभवाची स्मृती जपण्यासाठी अवतरली. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना पडलेले सैनिक तिकडच्या खिंडींतच राहिले. त्यांच्या कबरी या चर्चभोवती असणे शक्यच नव्हते. ७ जानेवारी १८५८ रोजी चर्चचा पवित्रीकरण-विधी झाला, तेव्हा लखनौ शहर अद्याप बंडवाल्यांच्या ताब्यात होते. जुन्या युद्धाचे स्मारक पुरे होते न होते तोच नव्या युद्धाच्या स्मारकांची तरतूद होत होती.

गावाची जागा भिंतीवरील स्मृतिलेखाने घेतली. त्यात अधिकाऱ्यांची नावे आहेत. सामान्य शिपायांविषयी मात्र, त्यांची संख्या इतकी मोठी की नावे नोंदविणे शक्य नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवरही नाव नसते. परंतु वीरगळ अनेकदा गावाच्या वेशीवर किंवा देवळापाशी उभा असतो आणि तो कोणाचा, हे निदान त्या काळच्या गावाला ठाऊक असे. कुलाब्याच्या वास्तूने इंग्लंडमधील चर्चचा आकार तंतोतंत आणला. मृतांना नावानिशी ओळखणारा गाव मात्र तिला आणता आला नाही.