लायबेल आणि स्लँडर

'लायबेल' आणि 'स्लँडर' हे दोन इंग्रजी शब्द आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांना एकाच माळेचे मणी वाटतात, आणि 'बदनामी' या एकाच शब्दात दोहोंची बोळवण करून ते मोकळे होतात. परंतु विलायतेतील न्यायासनापुढे पहिला शब्द लेखादी टिकाऊ स्वरूपातील निंदेस, तर दुसरा मुखातून निघून हवेत विरणाऱ्या निंदेस लावण्याचा प्रघात आहे. लायबेलच्या दाव्यात प्रत्यक्ष नुकसान शाबीत करण्याची जरूर परंपरेने नसे. स्लँडरच्या दाव्यात, काही अपवाद सोडता, ती असे.

व्युत्पत्ती पाहू जाता, 'लायबेल'च्या मुळाशी लॅटिनमधील 'लिबेल्लुस', म्हणजे चिमुकली पुस्तिका, हा अगदी निरुपद्रवी शब्द आढळतो; 'स्लँडर'चे कुळ मात्र अधिक रंगतदार, कारण सापळा किंवा वाटेतील ठेच असा अर्थ असलेला ग्रीक 'स्कांदालोन' लॅटिन व जुन्या फ्रेंच मुखांतून झिजत झिजत इंग्रजीत आला तो याच रूपाने, आणि 'स्कँडल' हा त्याचा सख्खा भाऊ होय. (निंदेत सापळा पाहणाऱ्यांची दृष्टी मार्मिक खरीच!)

पुढे नभोवाणी आली, तेव्हा लाखोंच्या कानी पडणारे बोलणे कोणत्या सदरात घालावे असा पेच पडला, आणि १९५२च्या इंग्रजी कायद्याने त्याची रवानगी लायबेलमध्ये केली. आमच्याकडे १८६०च्या दंडसंहितेने बोललेले, लिहिलेले आणि खुणेने दर्शविलेले सारे कलम ४९९ खाली एकत्र आणल्यामुळे, फौजदारीपुरती तरी ही बारीक वाटणी कधी रुजलीच नाही.