सॅमनचा जमाखर्च

मागच्या विकांताला पाऊस लागून राहिला होता, ट्रेक रद्द झाला, आणि नवीन ग्राफ लायब्ररी वापरून बघायला मी जालावर कुठलातरी जुना, लांबलचक विदा शोधत होतो. शेअर बाजार नको होता, क्रिकेट तर अजिबात नको. हाती लागले स्कॉटलंडच्या नद्यांमधले सॅमन आणि सी ट्राउट. १९५२ पासूनचे आकडे, महिनावार, जिल्हावार. आता माझं मत्स्यज्ञान बांगडा आणि सुरमईच्या पलीकडे जात नाही, पण सत्तर वर्षं न चुकता भरलेला तक्ता बघून कुठल्याही डेटाबेसवाल्याचा जीव सुखावतोच. शनिवार गेला, रविवारही गेला.

पहिली गंमत म्हणजे या नोंदी सुरू झाल्या त्या चोरांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्कॉटलंडमध्ये टोळ्या नदीत स्फोटकं आणि विष टाकून सॅमन मारायच्या आणि विकायच्या. ते थांबवायला १९५१ साली कायदा झाला. त्याच्या पंधराव्या कलमात सरकारला एक साधासा अधिकार दिला होता: मासेमारीचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून वर्षाचा हिशोब मागण्याचा. तिकडे सॅमन धरण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी अशी मालमत्ता असते, त्यामुळे फॉर्म कोणाला पाठवायचा हे ठरलेलं होतं. कुठल्या महिन्यात किती मासे, किती वजनाचे, कशाने धरले. आणि प्रत्येकाचा हिशोब गुप्त, छापायचे ते एकत्र केलेले आकडे. ही गुप्ततेची अट मला फार शहाणपणाची वाटली. शेजाऱ्याला कळणार असेल तर खरा आकडा कोण लिहील? (आपल्याकडे अप्रेजलच्या वेळी काय होतं ते आठवा. :))

'कशाने धरले' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. किनाऱ्यावर रोवलेली जाळी, नदीच्या मुखाशी होडीतून ओढायची जाळी, आणि वर नदीत गळ, असे तीन प्रकार. समुद्रातून परतणारा मासा याच क्रमाने सगळ्यांसमोरून जातो. म्हणजे खालच्याने धरला तर वरच्याला मिळत नाही, सरळ हिशोब.

आता ग्राफ. मी आधी फक्त गळाचे आकडे काढले, कारण तेच सगळीकडे छापून येतात. रेघ वरखाली करत जाते आणि २०१० साली थेट १,११,४०५ सॅमनवर पोचते. १९५२ पासूनचा उच्चांक! म्हटलं, मग रडतायत कशाला हे लोक? कंटाळलो आणि चहा करायला उठलो. परत येऊन त्याच ग्राफवर जाळ्यांची रेघ टाकली, आणि चहा गार झाला.

पन्नास-साठच्या दशकांत जाळ्यांतला आकडा गळाच्या कितीतरी पट होता. मग तो घसरतच गेला. काही जाळी परवडेनाशी झाली, काही गळवाल्यांनी पैसे देऊन बंद करवली, आणि २०१६ साली किनाऱ्यावर सॅमन मारणंच थांबवलं गेलं. जाळी कमी होत गेली तसे जास्त मासे नदीपर्यंत पोचत राहिले, आणि गळाला लागत राहिले. म्हणजे समुद्रातून परतणारे मासे घटत असतानाही नदीवरचा आकडा टवटवीत दिसत होता. वरची रेघ खोटी नव्हती, फक्त ती एकटी होती.

त्यात आणखी एक भर. १९९४ पासून फॉर्मवर 'धरून परत सोडलेले' असा वेगळा रकाना आला. त्या वर्षी शंभरातले आठही सोडले जात नव्हते, आता नव्वदहून जास्त सोडले जातात. पण सोडलेला मासा पुन्हा कोणाच्या गळाला लागला तर तो दोनदा मोजला जातो. म्हणजे १९६० चा 'एक मासा' आणि आजचा 'एक मासा' हे एकाच प्रकारचे एक नाहीत. शिवाय गळ टाकून माणूस किती तास बसला, हे कित्येक दशकं कोणी विचारलंच नाही. जाळ्यांसाठी माणसं आणि जाळी मोजली, गळासाठी नाही. २०२० च्या वसंतात टाळेबंदी होती, तेव्हाचे आकडे माशांपेक्षा घरात बसलेल्या माणसांबद्दलच जास्त सांगतात.

तरीही या नोंदी नसत्या तर काय असतं? आठवणी. टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईंनी ७ ऑक्टोबर १९२२ रोजी ६४ पौंडांचा सॅमन धरला. दोन तासांहून जास्त झुंज. ब्रिटनमधला गळाचा तो विक्रम शंभर वर्षांनंतरही मोडलेला नाही, आणि त्या माशाची प्रतिकृती पर्थच्या संग्रहालयाने जपली आहे. असा एक मासा सगळ्या गावाच्या लक्षात राहतो. पण त्या वर्षी मार्च महिन्यात साधारण किती मासे आले, हे कोणाच्या लक्षात राहणार? डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली हेच मांडलं होतं, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी दिसलेल्या समुद्रालाच मूळ समुद्र समजते. वसंतात येणारे सॅमन दशकानुदशकं घटत गेले हे कळलं ते महिन्याचा रकाना होता म्हणून. नुसती वार्षिक बेरीज ठेवली असती तर उन्हाळ्याच्या माशांनी ती घट झाकून टाकली असती. २०१५ पासून तिकडे १ एप्रिलच्या आधी धरलेला सॅमन सोडावाच लागतो, तो नियम या रकान्यातून आला असं म्हणायला हरकत नाही.

सी ट्राउटची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. हा खरं तर साधा ब्राउन ट्राउटच, फक्त समुद्रात जाऊन येणारा. वायव्य स्कॉटलंडमधलं लॉख मरी हे सरोवर त्याच्यासाठी जगात प्रसिद्ध होतं. तिथल्या हॉटेलात १८७७ साली राणी व्हिक्टोरियाही राहून गेली. गळवाले दरवर्षी तिथे परतायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथले मासे कोसळले. सरोवराचं पाणी ज्या लॉख ईव नावाच्या खाडीत जातं तिथे १९८७ साली सॅमनची शेती सुरू झाली होती, आणि अशा शेतीतून पसरणाऱ्या समुद्री उवांवर बोट ठेवलं गेलं. वाद वर्षानुवर्षं चालला. नोंदी 'कधी' हे सांगतात, 'का' हे त्या स्वतःहून सांगत नाहीत. पण 'कधी' माहीत नसतं तर भांडायलाही काही नव्हतं.

२०१६ पासून स्कॉटलंडमध्ये प्रत्येक नदीची वर्गवारी होते, आणि सगळ्यात अशक्त वर्गात एकही सॅमन मारता येत नाही. ही वर्गवारी मुख्यतः गळाच्या नोंदींवरून होते. म्हणजे कुठल्यातरी झोपडीत ओल्या हातांनी वहीत लिहिलेल्या आकड्यावर एका नदीचं पुढचं वर्ष ठरतं. २०१८ साली गळाचा आकडा ३७,१९६ वर आला, १९५२ पासूनचा नीचांक. तो २०२१ मध्ये मोडला, आणि २०२३ मध्ये ३२,४७७ वर पुन्हा मोडला. त्याच डिसेंबरात ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅमन आययूसीएनच्या लाल यादीत 'धोक्यात' या वर्गात गेला.

हे सगळं वाचताना मला एक जुनी गोष्ट टोचत राहिली. दोनेक वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या मायग्रेशनमध्ये तक्रारींच्या टेबलात एक रकाना होता, १ ते ४ असे आकडे. अर्थ कोणालाच माहीत नव्हता. मीटिंगमध्ये मी ऐटीत म्हणालो, 'जे कोणी वापरत नाही ते न्यायचं कशाला?' आणि तो उडवला. सही माझीच. सहा महिन्यांनी तक्रारी अचानक दुप्पट दिसायला लागल्या, आणि त्या खरंच वाढल्या की मोजायची पद्धत बदलली, हे सांगायला काही उरलं नव्हतं. तो रकाना म्हणजे तक्रार कशाने आली ते होतं: फोन, पत्र, शाखा, वेबसाइट. त्यांचं 'कशाने धरले', दुसरं काय.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर त्या प्रोजेक्टवर अजून असलेल्या मित्राला विचारलं, जुन्या सर्व्हरचा बॅकअप कुठे पडलाय का. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं, 'बघतो. पण रकान्याचं नाव काय होतं?'

मला आठवेना.