नस तुटली तर किती दिवसांत बरी होते? नर्व्ह रिकव्हरीचं सोपं गणित

ऊस तोडताना मनगटाला कोयता लागला. टाके पडले, पंधरा दिवसांत जखमही भरली. पण बोटं बधिरच आहेत आणि मूठ नीट वळत नाही. असं असेल तर आतली नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू, कापली गेल्याची शक्यता असते. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या ऊसपट्ट्यात कोयता आणि नगर-मनमाड रस्त्यावर बाईक, दोन्ही रोजचेच. म्हणून हे गणित आपल्याला माहीत हवं.

तुटल्यावर आत काय होतं?

नर्व्ह म्हणजे फायबर केबल समजा. बाहेर आवरण, आत हजारो बारीक तंतू. फरक एकच: केबल जोडली की नेट लगेच चालू होतं, नर्व्हचं तसं नाही. कापलेल्या जागेच्या पुढचे तंतू मरतात. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेवरच्या प्रयोगात हे दाखवलं. नंतर मागच्या टोकातून नवे तंतू रिकाम्या आवरणातून पुढे वाढत जातात. सर्जन टाके घालतो ते आवरणाला. आतली वाढ शरीरच करतं.

वाढीचा स्पीड

साधारण दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला ३ सेंटिमीटर. आता अंदाजे हिशोब बघा:

- मनगट ते बोटाचं टोक, १८ सेंमी: ६ महिने
- कोपर ते तळहाताचे स्नायू, ३० सेंमी: १० महिने
- मान ते तळहात, ७० सेंमी: जवळपास २ वर्षं

आणि इथेच खरी अडचण आहे. सिग्नल न मिळालेला स्नायू साधारण १२ ते १८ महिनेच वाट बघतो. त्यानंतर नर्व्ह पोचली तरी स्नायू फारसा प्रतिसाद देत नाही. बाईकवरून पडून मानेजवळची नर्व्ह तुटली तर पंजा परत मिळणं अवघड असतं, ते यामुळेच.

रिकव्हरी कशावर ठरते?

- इजेचा प्रकार: नर्व्ह नुसती दबली असेल तर काही दिवसांत ते तीन महिन्यांत बरी होते. आवरण शाबूत आणि तंतू तुटलेले असतील तर आपोआप वाढ होते, पण वरच्या स्पीडने. पूर्ण तुटली तर ऑपरेशन लागतं.
- वेळ: स्वच्छ कापलेली नर्व्ह पहिल्या काही दिवसांत जोडलेली चांगली. उशीर झाला की टोकं आक्रसतात. मग पोटरीची नर्व्ह काढून मध्ये जोड द्यावा लागू शकतो.
- वय: लहान मुलांत रिझल्ट सगळ्यात चांगला.
- शुगर आणि तंबाखू: डायबेटिस आणि सिगारेट, दोन्हींमुळे वाढ मंदावते.

लगेच काय करायचं?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबा. हळद, चहापावडर टाकू नका. मग बोटांच्या टोकांना हलका स्पर्श करून बघा. करंगळी बधिर असेल तर एक नर्व्ह, अंगठा आणि तर्जनी बधिर असतील तर दुसरी. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना हे आधीच सांगा आणि हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जनकडे पाठवायचं का ते विचारा. बंद इजेत नर्व्हची इलेक्ट्रिक टेस्ट साधारण तीन आठवड्यांनी जास्त नीट सांगते. पहिल्याच दिवशी ती नॉर्मल दिसू शकते.

नंतरचे महिने

रोज फिजिओथेरपी करा, नाहीतर सांधे आखडतात. बधिर बोटाला तवा, गरम कप, सायलेन्सर यांचा चटका कळत नाही, त्यामुळे डोळ्यांनी बघूनच हात लावा. जखमेच्या पुढे टिचकी मारल्यावर मुंग्या येतात ती जागा पुढे सरकत असेल तर ते चांगलं लक्षण. महिन्यातून एकदा त्या जागेचा फोटो काढून ठेवा, प्रगती समजते.

बी-१२ च्या गोळीने तुटलेली नस जुळते का?

नाही. बी-१२ कमी असेल तर गोळी घ्यावीच, पण तुटलेली टोकं ती जोडत नाही. गोळ्यांवर सहा महिने घालवले तर स्नायूचे सहा महिने गेले.