कोतवाल बुकातले मुलाणी

पुतणीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. जातीचा दाखला घरात होता, पण पडताळणीला वंशावळ लागते आणि १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. ओबीसींसाठी तीच मानीव तारीख. भाऊ भोसरीच्या कारखान्यात शिफ्ट करतो, त्याला रजा मिळेना. म्हणून फाईल माझ्याकडे आली.

पहिलाच कागद अडला. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मुसलमान'. हा धर्म झाला, यादीत जात हवी. मास्तरांनी अत्तार, तांबोळी, पिंजारी, बागवान, मुलाणी अशा सगळ्यांच्या पोरांपुढे एकच शब्द लिहिला होता. इस्लाममध्ये जात नाही, असं म्हणून आपल्याही अनेकांनी तो खुशीने लिहून घेतला. दीनच्या शिकवणीत ते खरंच आहे. पण सोयरीक जमवताना, 'ते मुलाण्याचं घर' असं दबक्या आवाजात म्हणणारे आपल्यातच आहेत.

मुलाणी हा गावगाड्याचा माणूस. बलुतेदारांच्या याद्या गावागणिक बदलतात, पण देशावरच्या कितीतरी गावांत मुलाण्याचं बलुतं होतं. मशिदीची आणि पिराची दिवाबत्ती त्याच्याकडे असे. जत्रेचं बकरं हलाल करायला मराठ्याच्या दारातही त्यालाच बोलावत. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा निघे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या पुस्तकात ही सारी व्यवस्था, तिच्यातल्या कुरबुरींसकट, वाचायला मिळते.

मग तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला फेऱ्या सुरू झाल्या. आमचं गाव चाकणच्या बाजूचं, तालुका खेड. गाव नमुना नंबर १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदी शोधायला २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा राज्यभर हीच दप्तरं उघडली गेली. आमच्या गावच्या वहीची पानं कडेने झडलेली, मजकूर मोडीत. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना सोबत नेलं.

चौथ्या फेरीला १९३४ सालची ओळ सापडली. मुलगा झाला, बापाचं नाव पणजोबांचं, जात 'मुलाणी'. गुरुजींनी ती दोनदा वाचून दाखवली.

तरी अडचण होतीच. बाळाचं नाव नव्हतं, नुसतं 'मुलगा'. शाळेतली आजोबांची जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची असते तशी, मास्तरांनी ठरवलेली. पणजोबांना तर तीन मुलगे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, शिवाय नावंही एका कागदावर हुसेन तर दुसऱ्यावर हुसन.

वाट काढली ती फेरफाराने. पणजोबा गेल्यावर जमिनीच्या तुकड्याला वारस लागले, तेव्हाच्या नोंदीत तिन्ही भावांची नावं आहेत. त्या नोंदीत जातीचा रकाना नाही आणि कोतवाल बुकात पोराचं नाव नाही. दोन्ही एकत्र ठेवले की साखळी जुळते. १९३४चं बाळ तिघांतलं कुणीही असो, बाप एकच आणि जात बापाकडूनच येते.

अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेली 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' नावाची संस्था आहे. स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावणाऱ्या पूर्वजापर्यंत पिढी-दर-पिढी कागद जोडले, तरच तिथं सभासद होता येतं. आपल्याकडेही उच्च कुळाचा दावा करायला शजरे लिहून ठेवले गेले. आम्ही मात्र शजरा जोडला तो आमचे पूर्वज खळ्यावर वाटा घेणारे होते, हे सिद्ध करायला. मला त्यात कमीपणा वाटत नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा माणूस तिच्यासाठी सभांना आला. ते याच कष्टकरी बिरादऱ्यांसाठी होतं.

जमिनीचा तो तुकडा आता नाही. जवळच चाकणची एमआयडीसी. जिथं सुगीला खळी पडत, तिथून आता गाड्यांचे सुटे भाग घेऊन कंटेनर जातात. गाव ओळखू येत नाही. १९३४ साली आम्ही इथं होतो, हे सांगणारी एक ओळ तेवढी राहिली आहे.

प्रमाणपत्र मुदतीच्या आठ दिवस आधी मिळालं. पुतणीने वंशावळ निरखून पाहिली आणि विचारलं, "चाचा, ह्यात दादी कुठंय? पणजी कुठंय?" नव्हत्या. शपथपत्रात बापाकडचीच फांदी मागतात. दादीचं नाव मला ठाऊक होतं. पणजीचं मात्र कुणालाच नाही. फुफीला फोन केला, तिला एवढंच आठवलं की तिला सगळे 'बूबू' म्हणत. पुतणीने आमच्या घरच्या प्रतीवर पेनाने दोन्ही लिहिलं.

वाचकहो, तुमच्या घरातही जुना दाखला, खरेदीखत, मोडीतली चिठ्ठी असेल. मुदत डोक्यावर येईपर्यंत थांबू नका, कोतवाल बुकाची नक्कल काढून ठेवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज संध्याकाळीच त्याच्यापाशी वही घेऊन बसा. आधी बायकांची नावं विचारा.