शनवार तेली आणि येशू

३. शनवार तेली : बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. त्यांची जुनी गावे मुख्यतः किनाऱ्याच्या बाजूला, अलिबाग-पेण-रोहा भागात.  त्यांना 'येशूचे लोक' म्हणणे मात्र बरोबर नाही. येशू स्वतः जन्माने ज्यू, गालीलातला. त्याचे हिब्रू नाव येशुआ. 'यहोशुआ'चे हे आखूड रूप त्या काळी अनेकांचे असे. 'ख्रिस्त' म्हणजे मशीहा, आणि हे पद ज्यू त्याला देत नाहीत. तो देव किंवा देवपुत्र नव्हे, मशीहा अजून यायचा आहे, अशी त्यांची श्रद्धा. मशीहाची वर्दी एलियाहू हन्नबी देणार. बेने इस्राएल घरांत मलिदा हा विधी होतो तो याच संदेष्ट्याच्या नावाने. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलांसाठी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांकडून हिब्रू ही मंडळी मनापासून शिकली. बाप्तिस्मा मात्र फारच थोड्यांनी घेतला.