पट्टा आणि साखळी : बिडदीच्या मोटारींचा एक अलिखित इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा शोधांचा इतिहास लिहितात. देखभालीचा इतिहास लिहिणारा क्वचितच आढळतो. अमुक साली अमुक यंत्र निघाले, एवढे सांगून ग्रंथकार पुढे सरकतो. ते यंत्र पुढील पंधरा वर्षे कोणी चालते ठेवले आणि त्यासाठी समाजाला कोणती नवी सवय लावून घ्यावी लागली, हा प्रश्न तसाच राहतो. अशा एका सवयीचा इतिहास आम्हां बंगळुरवासी मराठी माणसांच्या अगदी दारात, म्हैसूर रस्त्यावरील बिडदी येथे, गेल्या पाव शतकात घडला आहे. त्याच्या केंद्रस्थानी एक रबरी पट्टा आहे, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष गेले नसावे.

मोटारीच्या इंजिनात मुख्यत्वे दोन दांडे फिरतात. क्रँकशाफ्ट हा खालचा दांडा दट्ट्यांच्या खालीवर होण्याने फिरतो. कॅमशाफ्ट हा दुसरा दांडा झडपा उघडतो आणि मिटतो. दट्ट्याच्या चार हालचालींत एक आवर्तन पुरे होते. तेवढ्या अवधीत क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात, तर कॅमशाफ्टची एकच. म्हणून कॅमशाफ्टच्या चाकाला दुप्पट दाते असतात. या दोघांचा मेळ राखणारा दुवा म्हणजे दातेरी चक्रे, साखळी किंवा पट्टा. मेळ एका दात्याने चुकला तरी इंजिन कुरकुरते. दुवा तुटला तर गोष्ट अधिक गंभीर होते. डिझेल इंजिनात दट्ट्या वर आल्यावर जागा फारच थोडी उरते. उघड्या राहिलेल्या झडपेवर तो आदळतो, झडपा वाकतात आणि एका क्षणात इंजिनाचा वरचा भाग निकामी होऊ शकतो.

या तिघांत साखळीचे घराणे जुने. मँचेस्टरच्या हान्स रेनोल्ड यांनी १८८० मध्ये रुळांची साखळी सिद्ध केली आणि ती प्रथम सायकलीला लाभली. मराठी उद्योगाचा आरंभही याच साखळीच्या सान्निध्यात व्हावा, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात दुकान थाटले ते सायकलींचेच. पुढे नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ बनवणारा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना उभा राहिला. वालचंद हिराचंद यांनीही १९४० मध्ये बंगळुरात विमानांचा कारखाना काढला. त्यांचा मोटारींचा कारखाना मात्र १९४४ मध्ये मुंबईत, कुर्ल्यास, स्थापन झाला. म्हैसूरच्या भूमीत मराठी नावाची मोटार यायला अजून अर्धे शतक अवकाश होता.

कुर्ल्याची फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, साखळीवर चालणारी. तिचा कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टच्या शेजारीच असे. त्यामुळे साखळी आखूड आणि काम निर्वेध. परंतु युरोपात वेगवान इंजिनांसाठी कॅमशाफ्ट झडपांच्या डोक्यावर नेण्याची प्रथा वाढली. अंतर वाढले, साखळी लांबली, तिचा आवाज आणि खर्च वाढला. या अडचणीतून वाट काढली ती शिवणयंत्राने! सुई आणि धोटा यांचा मेळ न घसरता राखावा म्हणून १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीच्या रिचर्ड केस यांनी दाते असलेला रबरी पट्टा तयार केला होता. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने तो आपल्या १००४ या मोटारीत बसवला. १९६६ मध्ये फियाटचे अभियंते लाम्प्रेदी यांनी १२४ स्पोर्टच्या इंजिनात त्याचा स्वीकार केला. पट्टा स्वस्त, हलका, निःशब्द. त्याला तेलाची गरज नाही. इटलीत हे घडत असताना कुर्ल्याची फियाट मात्र आपली साखळी खुळखुळवीत मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सीचा संसार करीत होती.

भारतात पट्टा घरोघर पोचला तो १९८३ च्या मारुती ८०० बरोबर. पुण्यात बनलेल्या टाटांच्या इंडिकानेही १९९८ मध्ये तोच मार्ग धरला. आणि मग बिडदी. टोयोटा आणि किर्लोस्कर यांची संयुक्त कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली आणि २००० च्या जानेवारीत क्वालिस बाजारात आली. तिच्या २.४ लिटर डिझेल इंजिनात पट्टा होता. बंगळुरात तेव्हा संगणक कंपन्यांचा विस्तार होत होता. रात्रीअपरात्री नोकरांची ने-आण करण्यास क्वालिससारखे वाहन दुसरे नव्हते. २००५ मध्ये इनोव्हा तिच्या जागी आली. तिच्या डिझेल इंजिनात पट्टा आणि पेट्रोल इंजिनात साखळी! एकाच सांगाड्यात दोन्ही मते नांदत होती.

येथे आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. साखळी झिजते ती सांगून झिजते. तिच्या खिळांची आणि नळ्यांची झीज होऊन ती लांबते, सकाळी गाडी सुरू करताच खडखडते, आणि जाणता मिस्त्री नुसत्या कानाने निदान करतो. पट्टा असे काही करीत नाही. आतले धागे थकलेले असले तरी वरून तो बहुधा धडधाकट दिसतो आणि एके दिवशी तुटतो. म्हणून तो चांगला दिसत असतानाच, ठराविक मुदतीस, डिझेल गाड्यांत साधारणतः एक ते दीड लाख किलोमीटरला, काढून टाकावा लागतो; सोबत ताण राखणारी चाकीही बदलतात. खुणा जुळवायच्या, क्रँकशाफ्ट हाताने पुऱ्या दोन फेऱ्या फिरवायचा, खुणा पुन्हा जुळल्या की नाही ते पाहायचे आणि मगच किल्ली फिरवायची, असा त्याचा विधी आहे.

जी वस्तू मोडली नाही ती फेकून द्यावी, हे आपल्या काटकसरी समाजाला पटणे सोपे नव्हते. मिस्त्रीच्या कानाची जागा आता तारखेने घेतली. अनुभवाची जागा नोंदवहीने. टोयोटाच्या कित्येक डिझेल गाड्यांत तर मुदत भरली की चालकासमोर पट्ट्याच्या नावाचा दिवाच लागतो. केंद्र सरकारच्या कचेरीत मुदतीच्या फायली सांभाळणाऱ्या आम्हां कारकुनांना या दिव्याविषयी विशेष ममत्व वाटते. स्मरणपत्र वेळेवर निघाले नाही तर पुढचा सारा पत्रव्यवहार वरातीमागून घोडे ठरतो, हे आम्ही जाणतो. पण दिव्यालाही मर्यादा आहे. गाडी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे गेली, किलोमीटरचा आकडा संशयास्पद झाला, दिवा कोणी पट्टा न बदलताच विझवला, तर नव्या मालकाच्या हाती केवळ नशीब उरते. कर्जाने जुनी इनोव्हा घेणाऱ्या टॅक्सीचालकाला तुटलेला पट्टा महिनोन्‌महिन्यांच्या मिळकतीस मुकवू शकतो. त्याची उपजीविका एका हरवलेल्या नोंदीवर अवलंबून असते. म्हणूनच पट्टा केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो बदललाच नाही असे धरून चालावे, हा शहाण्या मिस्त्र्यांचा दंडक आम्हांस सर्वस्वी योग्य वाटतो.

२०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा आली आणि बिडदीच्या डिझेल इंजिनातही साखळी परतली. ही इंजिने बंगळुराजवळच जिगणी येथे बनू लागली. ‘आता पट्ट्याची कटकट मिटली’ असे अनेकांनी म्हटले. वस्तुतः कर्तव्य मिटले नाही, त्याने केवळ स्थलांतर केले. नव्या साखळ्यांचा ताण बहुधा तेलाच्या दाबाने राखला जातो. तेल बदलण्यास विलंब झाला, ते काळे आणि जाड झाले, की खिळा झिजतात, साखळी लांबते. साखळीने इंजिनाच्या आयुष्याइतके टिकावे अशी अपेक्षा असते. परंतु ते आयुष्य तेलावर ठरते. शिवाय साखळी बदलण्याची पाळी आलीच, तर इंजिनाचे पुढचे झाकण उतरवण्यापासून सारे काम वाढते आणि पट्ट्याहून अधिक खर्च येतो. पट्टा एकदाच, पण ठणकावून मागतो. साखळी थोडे थोडे, पण सतत मागते. कोणती मागणी आपल्याच्याने पुरी होईल, एवढाच निवडीचा प्रश्न.

याच बंगळुरात २००१ मध्ये रेवा ही विजेची छोटी मोटार निघाली, तिच्यात झडपाच नसल्याने पट्टाही नव्हता आणि साखळीही नव्हती. आज विजेच्या मोटारी वाढत आहेत. हा वाद यथावकाश इतिहासजमा होईल. तोवर जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत पट्टे आणि साखळ्या शेजारी शेजारी टांगलेल्या राहतील. यंत्र बनवणाऱ्यांची नावे कारखान्याच्या दारावर कोरली जातात. ते वेळेवर राखणाऱ्यांची नोंद फार तर गाडीच्या कप्प्यातील एका तेलकट पुस्तिकेत, तारीख आणि किलोमीटर यांच्या रूपाने उरते. आमच्या मते इतिहासाचे अस्सल साधन म्हणून त्या पुस्तिकेची योग्यता कोणत्याही शिलालेखाहून उणी नाही. आणि जुनी गाडी घेणाऱ्याने रंगरूप पाहण्यापूर्वी तीच आधी मागून घ्यावी.